जुनी जेट स्की पळेना, वळेना: आधी आरपीएम बघा, मग पाना उचला

जुन्या वॉटर स्कूटरवर पुढची लक्षणं पुन्हा पुन्हा दिसतात. तुमची गाडी कुठल्या ओळीत बसते ते आधी ठरवा.

- इंजिन ओरडतं, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) नेहमीपेक्षा जास्तच चढतो, पण गाडी उचलत नाही. उभ्यावरून रेस दिली की मागे घरघर होते आणि दोन-तीन सेकंदांनी पकड येते.
- आरपीएम नेहमीएवढाच आहे, आवाजही साफ, तरी वेग कमी. गाडी पाण्यात नेहमीपेक्षा खोल बसल्यासारखी वाटते.
- आरपीएम एका आकड्याच्या पुढे जातच नाही.
- पहिली पाच-सात मिनिटं झकास, मग दम कोंडल्यासारखी. थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा ठीक.
- हँडल सरळ धरलं तरी एका बाजूला ओढते, नाक सतत वरखाली आपटतं, किंवा वळणावर मागचा भाग घसरतो.
- सीट उचलली की पेट्रोलचा वास येतो. असं असेल तर पुढचं काहीही करण्याआधी सीट काढून गाडी उघडी ठेवा आणि गळती सापडेपर्यंत स्टार्टर दाबू नका. बंद हलमध्ये, म्हणजे गाडीच्या पोकळ सांगाड्यात, साचलेली वाफ एका ठिणगीने पेटते.

पहिल्या तीन ओळींत गाडी हळूच जाते, म्हणून त्या एकच वाटतात. पण तिघींची दुरुस्ती वेगळी. जेट स्कीला गिअर नाही, क्लच नाही. इंजिनाचा शाफ्ट थेट पंपातल्या पंख्याला, म्हणजे इम्पेलरला, जोडलेला. आरपीएम जास्त आणि वेग कमी असेल तर पंखा पाण्याऐवजी हवा किंवा फेस ढवळतोय: दोष पंपात. आरपीएम बरोबर आणि वेग कमी असेल तर पंप पाणी ढकलतोय, पण गाडी जड झाली आहे, तळ घाण आहे किंवा मागे काहीतरी धारेच्या आड येतंय. आरपीएमच कमी असेल तर दोष इंजिनात किंवा त्याला मुद्दाम अडवून ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये. हे ठरवल्याशिवाय कार्ब्युरेटर उघडणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं.

आधी नीट मोजा

सकाळी, खारे वारे सुटायच्या आत, पाणी सपाट असताना मोजा. एकच माणूस, अर्धी टाकी. डॅशबोर्डच्या स्पीडोमीटरवर जाऊ नका. जुन्या मॉडेलांत तो तळाच्या छोट्या चक्रावर चालतो आणि त्यात बार्नॅकलचा (चिकटून राहणाऱ्या कवचाच्या समुद्री जीवाचा) एक दाणा बसला तरी आकडा खोटा येतो. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून जीपीएसवर वेग बघा, आणि एकाच रेषेत जाताना एकदा, येताना एकदा. मुंबई बंदरात किंवा खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीची ओढ, त्यात उधाणाच्या दिवशी तर फारच, एका दिशेला वेग फुगवते आणि दुसऱ्या दिशेला खाते. दोन्हींची सरासरी खरी.

जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांचा पूर्ण रेसवरचा आरपीएम साधारण ६,५०० ते ७,०००, तर यामाहाच्या १,०५२ सीसी चार-स्ट्रोक व्हीएक्सचा १०,००० च्या आसपास. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. आरपीएम मीटरच नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा स्वस्त टॅकोमीटर मिळतो. या सगळ्या कामात त्याच्याइतका वसूल होणारा खर्च दुसरा नाही.

एक रुपयाही न लागणाऱ्या तपासण्या

*कुठली चावी लावली आहे?* आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्या आधी चौपाटीवर किंवा अलिबाग-नागावला भाड्याने चाललेल्या असतात. सी-डू कंपनीच्या अनेक मॉडेलांना वेग बांधून ठेवणारी वेगळी लर्निंग की असते, आणि यामाहाच्या रिमोटवाल्या मॉडेलांत एल मोड आरपीएम साधारण ७० टक्क्यांवर अडवतो. गाडी विकताना तीच चावी हातात येते आणि नवा मालक इंजिन उघडायला निघतो. आरपीएम दरवेळी अगदी एकाच आकड्यावर थांबत असेल तर हे पहिलं बघा.

*रेसची केबल.* इंजिन बंद, सीट काढलेली. एकाने लिव्हर पूर्ण दाबावा, दुसऱ्याने कार्ब्युरेटरची किंवा थ्रॉटल बॉडीची पाकळी पूर्ण उघडते का ते बघावं. जुनी केबल ताणते किंवा खाऱ्या पाण्याने आत गंजते आणि पाकळी तीन-चतुर्थांशावरच थांबते. केबल ओढून घेताना एक लक्षात ठेवा: काही दोन-स्ट्रोक इंजिनांत ऑइल पंपही त्याच हालचालीवर चालतो. त्याची खूण जुळली नाही तर तेल कमी जाऊन पिस्टन धरतो, म्हणजे जॅम होतो.

*पोटातलं पाणी.* किनाऱ्यावर ओढून, नाक उंच करून मागचे ड्रेन प्लग काढा. मगभर पाणी निघालं तर चालतं. दोन बादल्या निघाल्या तर तुम्ही मागे एक मूल बसवून फिरत होता. ते मागे साचतं म्हणून नाकही उचललेलं राहतं. प्लगच्या रबरी वॉशरला चीर आहे का, आणि आतलं पाणी ओढून बाहेर टाकणाऱ्या सायफनच्या नळीचं तोंड चिखलाने बुजलंय का, हे त्याच वेळी बघा.

*रिव्हर्सची बकेट.* ही मागच्या धारेवर उतरून ती उलट वळवणारी वाटी. लिव्हर पुढे असताना बकेट पूर्ण वर जायला हवी. केबल थोडी ढिली झाली की बकेटची कड पाण्याच्या धारेत लोंबते. आरपीएम पूर्ण, वेग कमी आणि नाकाचं वागणं विचित्र, असं एकत्र दिसलं तर दहात पाच वेळा हेच निघतं.

*टाकीचं झाकण.* चौथ्या ओळीतली गाडी दमली की, इंजिन बंद करून, पेट्रोलचं झाकण सैल करा. आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी पुन्हा पळू लागली तर टाकीचा व्हेंट व्हॉल्व्ह अडकलाय. टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल ओढलं जात नाही. दुरुस्ती म्हणजे छोटा एकतर्फी व्हॉल्व्ह बदलणं. झाकण सैल सोडून फिरणं ही दुरुस्ती नव्हे.

पंपाच्या तोंडावरच्या जाळीत काय अडकलंय

मुंबईत पंपाच्या तक्रारींचं पहिलं कारण कचरा, दुसरं वाळू. पावसाळ्यानंतर पाण्यात प्लॅस्टिक तरंगत असतं. विसर्जनानंतरचे आठ-दहा दिवस गिरगाव आणि जुहूला हारांचे दोरे, कापड आणि निर्माल्य. कोळीवाड्यांजवळ जाळ्याचे तुकडे आणि तंगूस. पिशवी जाळीवर चिकटली की पंपाला पाणी कमी मिळतं आणि आरपीएम उडतो. दोरा शाफ्टवर गुंडाळला गेला तर पंखा जड फिरतो, शिवाय तंगूस सीलच्या ओठाखाली शिरून सील कापतो. म्हणून "निघाला तेवढा ओढून काढला, चालतंय" असं करू नका. उरलेला धागा पुढच्या महिन्यात सीलचा खर्च काढतो.

काढण्याची पद्धत: चावी आणि लॅन्यार्ड (इंजिन बंद पाडणारी सुरक्षा दोरी) काढून खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, मगच जाळीत हात. समुद्रातच काढायची वेळ आली आणि गाडी उलटवावी लागली तर मागच्या स्टिकरवर दाखवलेल्या दिशेनेच फिरवा. उलट दिशेने फिरवली तर सायलेन्सरमधलं पाणी इंजिनात जातं. धागा सापडला नाही तरी पंखा हाताने फिरवून बघा. तो अडखळता, खरखरत फिरत असेल तर बेअरिंग गेलेलं असू शकतं.

वाळूचं गणित वेगळं. ओहोटीला आपल्या चौपाट्यांवर पाणी दूर सरतं आणि लोक गुडघाभर पाण्यातच स्टार्टर मारतात. तळाखाली किमान दोन-तीन फूट पाणी नसेल तर पंप वाळू आणि शिंपल्यांचा चुरा ओढतो. पंख्याची धार बोथट होते, पंख्याभोवतीच्या कड्यावर, म्हणजे वेअर रिंगवर, चरे पडतात, आणि इंजिन थंड करणाऱ्या नळ्यांत वाळू साचते. यामाहासारख्या ज्या गाड्यांत बाजूने पाण्याची बारीक धार दिसते, ती धार मंद झाली असेल तर नळ्या बुजत आहेत. तापलेलं चार-स्ट्रोक इंजिन स्वतःच आरपीएम कमी करतं आणि मालक पेट्रोलला दोष देतो.

नळ्या धुताना क्रम चुकवू नका: आधी इंजिन सुरू, मग नळ उघडा, बंद करताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलट केलं तर एक्झॉस्टमधून पाणी सिलेंडरात जाऊ शकतं. नळ बंद असताना इंजिन पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका.

तळ आणि वजन

पाण्यात कायम तरंगत ठेवलेल्या गाडीच्या तळावर काही आठवड्यांत शेवाळ आणि बार्नॅकल धरतात. पातळ थरही वेग खातो, कारण जेट स्की पाण्यावर घसरून पळते आणि खडबडीत तळ पाण्याला धरून ठेवतो. प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा, लोखंडी पात्याने जेलकोट (तळाचा गुळगुळीत वरचा थर) फाटतो. पंपाच्या बोगद्यात आणि पंपाखालच्या सपाट पट्टीच्या, म्हणजे राइड प्लेटच्या, कडांवर विसरू नका.

तळ स्वच्छ, पोट कोरडं, बकेट वर, आरपीएम बरोबर, तरी गाडी जड? मग हलच्या आतला फोम पाणी प्यायला असेल. वीस वर्षांच्या गाडीत हे सर्रास होतं. वजनकाट्यावर ट्रेलरसकट चढवा, रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा करा आणि मॅन्युअलमधल्या कोरड्या वजनाशी ताडून बघा. टाकीतल्या पेट्रोलचं आणि तेलाचं वजनही वजा करा, त्यावर दहा-पंधरा किलोचा फरक सोडा. चाळीस-पन्नास किलो जास्त भरलं तर उन्हात वाळवून ते पाणी जात नाही. डेक उघडून फोम कापून काढावा लागतो, आणि गाडीची किंमत बघता तो खर्च करायचा का हा प्रश्न आधी सोडवावा.

पंप: इथेच बहुतेकांचा वेग हरवतो

आरपीएम जास्त, वेग कमी, जाळी साफ. आता फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या. पंख्याच्या पात्याचं टोक आणि भोवतीची वेअर रिंग यांतली फट मोजा, प्रत्येक पात्याला आणि रिंगच्या तीन-चार ठिकाणी. नव्या पंपात ती ०.३ मिमीच्या आसपास असते. ०.६ च्या पुढे गेली की उभ्यावरून उचल मंदावते, आणि १ मिमीला पंप स्पष्टपणे घसरतो. कारण साधं: पात्याच्या जास्त दाबाच्या बाजूचं पाणी त्या फटीतून कमी दाबाच्या बाजूला पळतं, तिथे बुडबुडे तयार होऊन फुटतात. पात्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर हे बरेच दिवस चालू आहे.

सी-डूच्या बहुतेक जुन्या पंपांत रिंग प्लॅस्टिकची असते आणि ती झिजण्यासाठीच बनवलेली असते. रिंग बदलली की काम भागतं. काही मॉडेलांत रिंग वेगळी मिळत नाही, पूर्ण हाउसिंग घ्यावं लागतं. ऑर्डर देण्याआधी पार्ट नंबर तपासा. पात्याच्या पुढच्या धारेवर दगडाचे बारीक खाचे असतील तर बारीक कानसीने धार सारखी करता येते. पातं वाकलं असेल, किंवा टोकाचा तुकडा उडाला असेल, तर कानस लावू नका. तोल गेलेला पंखा शाफ्टचं बेअरिंग खातो.

पंप सहसा चार नट किंवा बोल्टवर सुटतो, पण स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियमात वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात बसलेले असतात. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग तेल सोडा, आणि बोल्ट ताठ वाटला तर लांब पाना लावून जोर करू नका. तुटलेला बोल्ट काढणं हे अख्ख्या कामापेक्षा मोठं काम. ज्या पंपाच्या शंकूत तेल असतं त्यात ते दुधाळ झालंय का बघा. झालं असेल तर पुढचं सील गेलंय. जोडताना शाफ्टच्या स्प्लाइनला (दात्यांना) मरीन ग्रीस आणि बोल्टला अँटी-सीझ. ओ-रिंग, बेअरिंग आणि स्टेनलेस क्लॅम्प नागदेवी स्ट्रीटवर मिळतात, मात्र मापाने घ्या, "जेट स्कीची द्या" म्हणून नको. साधे बेअरिंग आणि साधे क्लॅम्प खाऱ्या पाण्यात एक हंगामही काढत नाहीत.

फट ठीक आहे तरी पंप घसरतो? मग कुठून तरी हवा ओढतोय. पंप जिथे हलला बसतो तिथलं सील किंवा सिलिकॉन जुनं होऊन सुटतं. राइड प्लेटच्या पुढच्या कडेलाही तसंच होतं. अंधारात बोगद्यात टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने उजेड येतो का बघा. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, जागा थिनरने पुसून, मगच नवं लावा आणि चोवीस तास पाण्यात उतरवू नका. जुन्यावर नवं फासलं तर पहिल्याच फेरीत सोलून निघतं. सी-डूमध्ये शाफ्ट हलमधून बाहेर जातो तिथे कार्बन रिंगचं सील असतं. गाडी तरंगत असताना, इंजिन बंद ठेवून, तिथे पाणी झिरपताना दिसलं तर तेच सील चालत्या गाडीत हवा आत घेतं.

आरपीएम चढतच नसेल तर

प्लगपासून सुरू करा. सी-डूत बसणाऱ्या रोटॅक्सच्या जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांना एनजीके बीआर८ईएस लागतो, गॅप ०.५ मिमीच्या आसपास. एक प्लग कोरडा तपकिरी आणि दुसरा ओला काळा असेल तर दोष त्या सिलेंडरपुरता आहे. पांढराफटक प्लग दिसला तर गाडी लगेच थांबवा. मिश्रण पातळ आहे आणि पुढची पायरी पिस्टन वितळण्याची.

मग पेट्रोल. जुनी इंजिनं फार तर १० टक्के इथेनॉल धरून बनवलेली, आणि पेट्रोल पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढतं, आणि पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या अर्ध्या टाकीत पाण्याचा थर तळाशी बसतो. काचेच्या बाटलीत नमुना काढून तासभर ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने आतून सुटतात. नव्वदच्या दशकातल्या सी-डूच्या राखाडी नळ्या तर आतून हिरवट चिकट होऊन कार्ब्युरेटरची बारीक जाळी बुजवतात. त्या नळ्या अजून असतील तर बाकी तपासणी नंतर, आधी मरीन दर्जाच्या नळ्या घाला. पेट्रोलचा मेन-रिझर्व्ह कॉकही गंजतो: रिझर्व्हवर गाडी चांगली पळत असेल तर कॉक बदला.

कार्ब्युरेटरची आतली जाळी साफ करा, डायफ्राम कडक झाले असतील तर मूळ किटमधले घाला. पण जेटचे स्क्रू कानाने ऐकून फिरवू नका. अर्धा वळसा चुकला तर किनाऱ्यावर इंजिन गोड वाजतं आणि पूर्ण रेसवर धरतं.

रोटॅक्सच्या ७८७ आणि ९५१ सीसी इंजिनांत एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणारे रेव्ह व्हॉल्व्ह असतात. त्यांच्यावर कार्बन बसून ते बंदच राहिले की खालची ओढ ठीक राहते, पण शेवटचे हजारभर आरपीएम गायब होतात. व्हॉल्व्ह काढून कार्ब क्लीनरने धुणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. व्हॉल्व्हवरच्या घड्यांच्या रबरी बेलोला चीर असेल तर बदला, नाहीतर स्वच्छ व्हॉल्व्हही उघडणार नाही.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरात तयार होणारा दाब. इंजिन कोमट, सगळे प्लग काढलेले, त्यांच्या वायरी अर्थ केलेल्या, लॅन्यार्ड काढल्यावर स्टार्टर फिरत नसेल तर तेवढ्यापुरता लावलेला, रेस पूर्ण उघडी. दोन-स्ट्रोकला साधारण १२० ते १५० पीएसआय यायला हवं आणि सिलेंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एक आकडा ऐंशीवर असेल तर प्लग आणि पेट्रोलवर खर्च थांबवा.

वळणाच्या तक्रारी

रेस सोडली की वळत नाही, हा दोष नाही. जेट स्कीला सुकाणू नसतं, पाण्याची धारच वळवते. धार नाही तर वळण नाही. ओढत असेल तर हँडल सरळ बांधून मागचं नोझल (धार सोडणारं तोंड) दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आहे का मोजा आणि केबलच्या टोकाच्या ॲडजस्टरने जुळवा. नोझल हाताने हलवल्यावर खटखटत असेल तर त्याच्या पिनांचे बुश झिजलेत. ते स्वस्त आहेत, बदला.

वळणावर मागचा भाग घसरत असेल तर हलच्या बाजूंना लावलेल्या पट्ट्या, म्हणजे स्पॉन्सन, बघा: सैल स्क्रू, तडा, किंवा कडा झिजून गोल झालेल्या. स्क्रू घट्ट करताना मरीन सीलंट लावा, त्या भोकांतूनही पाणी आत जातं. नाक आपटत असेल तर वाकलेली राइड प्लेट, वर अडकलेला ट्रिम (नोझल वरखाली करणारी यंत्रणा) किंवा पोटातलं पाणी, याच क्रमाने बघा.

नवे स्पॉन्सन, जास्त खोल पाण्याची जाळी, वेगळ्या पिचचा (पात्यांच्या तिरकेपणाचा) पंखा हे सगळं वरचं जमल्यावर. जास्त पिचचा पंखा थकलेल्या इंजिनाला लावला तर आरपीएम खाली येतो आणि गाडी आणखी हळू होते.

इथे थांबा आणि मिस्त्रीला बोलवा

चार-स्ट्रोकचं इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर पुन्हा सुरूही करू नका. कॉम्प्रेशन कमी, शाफ्टचं अलाइनमेंट, कार्बन सील बदलणं, पंपाजवळ हलला गेलेला तडा, डॅशबोर्डवर पुन्हा पुन्हा येणारा एरर कोड, ही घरची कामं नाहीत. सी-डूच्या जुन्या सुपरचार्ज्ड इंजिनात सुपरचार्जरचे सिरॅमिक वॉशर तुटले तर तुकडे ऑइलमधून इंजिनभर फिरतात. म्हणून शेवटचा रिबिल्ड कधी झाला याची नोंद नसेल, किंवा अचानक आरपीएम पडला असेल, तर गाडी पाण्यात न उतरवता थेट वर्कशॉपला न्या. आणि पंख्यासाठी खास स्प्लाइनचं टूल लागतं. ते नसलेला मिस्त्री पंख्याला पाइप पाना लावायला निघाला तर दुसरा मिस्त्री शोधा.

त्याच्याकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: मॉडेल आणि वर्ष, पूर्ण रेसवरचा आरपीएम, जीपीएसचा दोन्ही दिशांचा वेग, पात्यांची फट, प्लगचे रंग, कॉम्प्रेशनचे आकडे.